पीट मोंद्रियान : वजाबाकीचा चित्रकार

१९९८ साली हॉलंडमध्ये एका चित्राच्या खरेदीवरून बराच वाद माजला. चित्र अपुरे होते. ते काढणारा चित्रकार मरून अर्धे शतक उलटून गेले होते. कॅनव्हासवर रंगाच्या जोडीला रंगीत चिकटपट्टीचे आणि कागदाचे तुकडे तसेच डकविलेले राहिले होते. या चित्रासाठी सुमारे आठ कोटी गिल्डर मोजण्यात आले आणि ती रक्कम त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने देणगीदाखल दिली. युरोपचे सामाईक चलन येऊ घातले होते. पिढ्यान्‌पिढ्या व्यवहारात असलेल्या गिल्डरला निरोप द्यावयाचा होता. त्या निरोपाची खूण म्हणून राष्ट्राच्या संग्रहात एक मोलाची कलाकृती यावी, असा बँकेचा हेतू होता. रंगीत चौकटींनी भरलेल्या एका अपुऱ्या चित्रासाठी एवढे द्रव्य खर्चावे काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो अप्रस्तुत होता असे म्हणता येणार नाही.

चित्राचे नाव 'व्हिक्टरी बूगी-वूगी' आणि चित्रकाराचे नाव पीट मोंद्रियान. या व्यवहारातील विसंगती अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या नजरेतून सुटणे कठीण आहे. ज्याच्या चित्राने गिल्डरला असा मानाचा निरोप दिला, तो मोंद्रियान पन्नाशी उलटल्यावरही मायदेशातील गिऱ्हाइकांसाठी फुलांची जलरंगचित्रे काढून विकत होता आणि मिळणाऱ्या चार पैशांवर गुजराण करीत होता. ज्या चित्रांमुळे पुढे त्याचे नाव झाले, त्यांना तेव्हा फारसे कोणी विचारीत नव्हते.

वस्तूचा खरा परिव्यय पैशात नसतो. ती मिळविण्यासाठी आपण दुसरे काय सोडले यात तो असतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवितो. मोंद्रियानचे आयुष्य या सिद्धांताच्या उजेडात वाचले, तर त्या सरळ रेषांच्या मागे काय आहे ते उमगू लागते. त्याने एकेक गोष्ट सोडत नेली. आणि आयुष्याच्या अखेरीस, ज्यासाठी हे सर्व सोडले तेही सोडण्याची तयारी त्याने दाखविली.

शाळामास्तरांचा मुलगा

७ मार्च १८७२ रोजी आमर्सफोर्ट या डच गावी मोंद्रियानचा जन्म झाला. वडील एका प्रॉटेस्टंट प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. कॅल्व्हिनच्या पंथावर त्यांची कडवी निष्ठा होती; घरात शिस्त होती आणि चैनीला जागा नव्हती. तथापि या करड्या घरात चित्रकला मात्र निषिद्ध नव्हती. वडिलांचा हात रेखाटनात चांगला होता आणि काका फ्रिट्स हे तर निसर्गचित्रकार म्हणूनच ओळखले जात. १८८० मध्ये हे कुटुंब जर्मन सरहद्दीजवळच्या विंटर्सवाइक या गावी राहावयास गेले. तेथे काका येत, पुतण्याला बरोबर घेऊन उघड्यावर चित्रे काढीत.

मुलाने चित्रकार व्हावयाचे म्हटले तेव्हा मध्यमवर्गीय बापाच्या मनात जी शंका येते, ती याही बापाच्या मनात आली. पोट कसे भरणार? तडजोड अशी निघाली, की आधी चित्रकला-शिक्षकाची पात्रता मिळवावी. मोंद्रियानने १८८९ मध्ये प्राथमिक आणि १८९२ मध्ये माध्यमिक शाळांत चित्रकला शिकविण्याची प्रमाणपत्रे मिळविली, आणि नंतर त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. पुढे त्याने खाजगी शिकवण्या केल्या, हौशी लोकांची व्यक्तिचित्रे काढली, संग्रहालयातील जुन्या चित्रांच्या नकला करून दिल्या. इतकेच काय, लायडन विद्यापीठातील एका प्राध्यापकासाठी जीवाणूंची शास्त्रीय रेखाटनेही केली. तरुण चित्रकारांना मानाचा वाटणारा 'प्री द रोम' हा पुरस्कार मिळविण्यासाठी त्याने १८९८ आणि १९०१ मध्ये प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याच्या पदरी अपयश आले.

या काळातील त्याची चित्रे पाहिली तर हाच तो मोंद्रियान यावर विश्वास बसत नाही. नदीकाठची शेतघरे, पवनचक्क्या, संध्याकाळचे पाणी, त्यात पडलेली झाडांची प्रतिबिंबे, असे हे सारे करड्या-तपकिरी रंगांतले डच निसर्गचित्रण आहे. ते उत्तम आहे, आणि विकलेही जात होते. या मळलेल्या वाटेने तो चालत राहिला असता तर त्याच्या काकांसारखा, किंबहुना काकांहून सरस, असा एक प्रतिष्ठित निसर्गचित्रकार हॉलंडला मिळाला असता. त्याला सरळ रेषेखेरीज काही काढता येत नव्हते म्हणून त्याने सरळ रेषा काढल्या, हा समज यासाठीच टिकत नाही. त्याने जे टाकले, ते त्याच्या हाताला साधलेले होते.

झाडाची रेषा झाली

बदलाची सुरुवात १९०८ च्या सुमारास झाली. त्या वर्षी तो झीलंड प्रांतातील डोम्बर्ग या समुद्रकाठच्या गावी गेला. तेथे यान टूरोप या ज्येष्ठ चित्रकाराभोवती कलावंतांचा एक मेळा जमत असे. समुद्राच्या त्या लख्ख उजेडात मोंद्रियानच्या चित्रांतील करडा रंग उडाला. पवनचक्की लाल-पिवळ्या ठिपक्यांनी पेटली. झाडाच्या फांद्या निळ्या पार्श्वभूमीवर रक्तवर्ण झाल्या. १९०९ च्या आरंभी अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात दोघा सहकाऱ्यांसह त्याने ही चित्रे मांडली, तेव्हा काही टीकाकारांना त्यांत निरोगी मनाची खूण दिसेना.

त्याच वर्षी मे महिन्यात तो थिऑसॉफिकल सोसायटीच्या डच शाखेचा सभासद झाला. या सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासजवळच्या अड्यारचे आणि तिच्या अध्यक्षा तेव्हा अ‍ॅनी बेझंट. त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडे एक सुव्यवस्था आहे, जड आणि चैतन्य ही द्वंद्वे अखेर समतोलात विलीन होतात, ही शिकवण कॅल्व्हिनच्या कडक धर्मात वाढलेल्या मोंद्रियानला आपलीशी वाटली. उपनिषदांतील 'नेति नेति' आपल्याला येथे आठवावे हे साहजिक आहे. मोंद्रियानने उपनिषदांतून आपली कला घेतली, असा दावा करण्याचे मात्र कारण नाही. त्याची वाट डच होती, आणि ती पोथीपेक्षा झाडाच्या निरीक्षणातून गेली.

हे झाड पाहण्यासारखे आहे. 'संध्याकाळ : लाल झाड' या १९०८ ते १९१० मधील चित्रात झाड वाऱ्याने वाकलेले, सजीव, जवळजवळ वेदनेने पिळवटलेले आहे. १९११ च्या 'करड्या झाडा'त रंग गेला. फांद्यांच्या कमानी उरल्या आणि फांद्यांमधील रिकामी जागाही फांद्यांइतकीच भरीव झाली. १९१२ च्या 'फुललेल्या सफरचंदा'त फूल नाही, फळ नाही, सालही नाही; पाण्यावरच्या लहरींसारखे काही वळसे तेवढे आहेत. ही तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर अमूर्त कला म्हणजे काय, यावर व्याख्यान देण्याची आवश्यकता उरत नाही. झाड नाहीसे झाले; झाडाचा तोल राहिला.

करड्या आणि सफरचंदाच्या झाडांमध्ये एक मोठी घटना आहे. १९११ च्या शरदात अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका प्रदर्शनात मोंद्रियानने सेझानची आणि पिकासो-ब्राक यांची चित्रे पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने पॅरिसला बिऱ्हाड हलविले. वय चाळिशीला टेकलेले, मायदेशात नाव झालेले, विवाह ठरलेला. त्याने तो विवाह मोडला आणि पुढे आयुष्यभर अविवाहित राहिला. आडनावातील एक 'अ'ही त्याने गाळला. 'मोंद्रिआन'च्या डच वर्णलेखनात दोन 'अ' येतात, त्यांतील एकच त्याने ठेवला. ज्या वयात माणसे आपल्या मिळकतीची मोजदाद करू लागतात, त्या वयात हा गृहस्थ घनवाद्यांच्या पंगतीत शिकाऊ म्हणून जाऊन बसला. फार काळ तो शिकाऊ राहिला नाही. घनवाद्यांनी वस्तू फोडली, परंतु तिचे तुकडे तरी त्यांनी हातचे सोडले नाहीत. मोंद्रियानला तेही नको होते.

युद्धाने अडविलेला प्रवासी

१९१४ च्या उन्हाळ्यात आजारी वडिलांना भेटण्यासाठी तो हॉलंडला आला आणि पहिल्या महायुद्धाने परतीची वाट बंद केली. काही आठवड्यांची भेट पाच वर्षांची झाली. पॅरिसमधील चित्रे तेथेच अडकली. १९१५ मध्ये वडील वारले.

तथापि सक्तीच्या या मुक्कामानेच त्याच्या कलेला आकार दिला. समुद्र आणि समुद्रात शिरलेला लाकडी धक्का हा विषय घेऊन त्याने १९१५ मध्ये जे चित्र केले, त्यात काळ्या रंगाच्या आखूड आडव्या-उभ्या रेघांखेरीज काही नाही; जणू बेरजेच्या आणि वजाबाकीच्या चिन्हांनी समुद्र मांडला आहे. आडवी रेघ ही क्षितिजाची, विश्रांतीची. उभी रेघ ही माणसाची, उभारीची. या दोहोंच्या काटकोनात सर्व विरोध मिटतात, अशी त्याची धारणा होऊ लागली.

लारेन या गावी असताना त्याला दोन प्रकारची माणसे भेटली. एक म्हणजे थिओ व्हान डूसबर्ग, बार्ट व्हान डर लेक यांच्यासारखे समविचारी कलावंत. व्हान डूसबर्गने १९१७ मध्ये 'डे स्टाइल', म्हणजे 'शैली', या नावाचे मासिक काढले आणि मोंद्रियानने त्यात आपली भूमिका क्रमशः मांडली. फक्त सरळ रेषा, आणि त्याही आडव्या-उभ्या. फक्त लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. त्यांच्या जोडीला काळा, पांढरा आणि करडा. आणि प्रमाणबद्धता न मोडता साधलेला असमान तोल. या मताला नवरूपणवाद म्हणावयास हरकत नाही. भोवती युरोप एकमेकांचे गळे कापत असताना राष्ट्र, व्यक्ती, भावना यांच्या पलीकडचे, सर्वांना समान असे काही शोधणारी ही चळवळ होती, हे विसरून चालणार नाही. आज ती रचना केवळ नीटनेटकी सजावट वाटते. तेव्हा तिच्यामागे माणसांनी नव्याने एकत्र राहावे ही तळमळ होती. या चळवळीशी निगडित असलेल्या गेरिट रीटव्हेल्ट याने १९२४ मध्ये उट्रेख्ट येथे बांधलेले श्र्योडर यांचे घर २००० साली जागतिक वारसा ठरले.

लारेनमध्ये भेटलेला दुसरा माणूस सालोमन स्लाइपर हा घराजमिनींचा दलाल होता. त्याने मोंद्रियानची जुनी-नवी चित्रे मोठ्या संख्येने विकत घेतली. त्या पैशामुळेच युद्ध संपताच १९१९ मध्ये पॅरिसला परतणे मोंद्रियानला सोयीचे झाले. स्लाइपरने आपला हा संग्रह मृत्यूपत्राने हेगच्या संग्रहालयाला दिला, आणि १९७१ मध्ये तो तेथे आला. मोंद्रियानच्या कलेचा जगातील सर्वांत मोठा साठा आज त्या संग्रहालयात आहे. कलेच्या इतिहासात सिद्धांतकारांची नावे ठळक छापली जातात. वेळेवर भाडे भरता येईल अशी सोय करणारे असे दलाल मात्र तळटीपेत जातात.

फुले विकून काढलेल्या रेषा

पॅरिसमध्ये मोंपार्नासच्या रेल्वे-स्थानकाजवळ, रू द्यू देपार या रस्त्यावरील २६ क्रमांकाच्या इमारतीत, मोंद्रियान १९२१ पासून १९३६ पर्यंत राहिला. भिंती पांढऱ्या, त्यांवर लाल, निळे, पिवळे पुठ्ठ्यांचे आयत लावलेले आणि सतत हलविलेले. त्याचे बिऱ्हाड म्हणजे त्याच्याच एका चित्रात शिरून राहण्यासारखे होते. दाराशी एक कृत्रिम ट्यूलिप असे. त्याचे पानही त्याने पांढरे रंगविले होते, कारण हिरवा रंग त्याला नको होता. ट्यूलिपच्या देशातील माणसाने केलेली ही वजाबाकी विनोदी वाटते, आणि त्याच्या मित्रांनाही वाटत असे. परंतु याच खोलीत तो पोटासाठी हॉलंडच्या गिऱ्हाइकांना पाठवावयाची गुलाबाची आणि शेवंतीची जलरंगचित्रे काढीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पांढऱ्या पानाचा अर्थ बदलतो. दिवसाचा एक भाग त्याने बाजाराला दिला. उरलेल्या भागात बाजाराचे काही शिरू दिले नाही. अर्थशास्त्रात याला कलावंताने कलावंताला दिलेले अर्थसाहाय्य म्हणता येईल. फुले काढणारा मोंद्रियान रेषा काढणाऱ्या मोंद्रियानला पोसत होता.

या काळातील 'लाल, निळा आणि पिवळा यांची रचना' हे १९३० चे चित्र घेऊ. लांबीरुंदी जेमतेम हातभर. वर उजवीकडे मोठा लाल चौकोन, खाली डावीकडे लहानसा निळा, खाली उजव्या कोपऱ्यात पिवळ्याची एक पट्टी. बाकी पांढरे आणि काळ्या रेषा. माझ्या एका विद्यार्थ्याने या चित्राची छापील प्रत पाहिली आणि पट्टी व रंगांच्या तीन डब्या दिल्यास असे चित्र आपणही काढू, असे मला ऐकविले. मी त्याला तसे करून पाहावयास सांगितले. चार दिवसांनी त्याने कागद आणला. रेषा सरळ होत्या, रंगही तेच होते. परंतु त्याचा लाल चौकोन इतका जड झाला होता, की निळा आणि पिवळा कोपऱ्यात टाकून दिल्यासारखे वाटत होते. मूळ चित्रात इवलासा निळा त्या प्रचंड लालला पेलतो. हे गणिताने साधलेले नव्हते. मोंद्रियान नजरेने रेषा सरकवीत असे, तिची जाडी बदलीत असे, पुन्हा रंगवीत असे. काळ्या रेषा सारख्या जाडीच्या नाहीत, पांढरे भाग एकाच पांढऱ्याचे नाहीत. प्रत्यक्ष चित्राजवळ गेले तर कुंचल्याचे फटकारे दिसतात. छापील प्रतीत हे सारे पुसले जाते आणि उरते ती नुसती चौकट.

तत्त्वाच्या बाबतीत हा सौम्य माणूस हट्टी होता. व्हान डूसबर्गने चित्रात तिरप्या रेषेला प्रवेश दिला आणि काही अंशी त्यावरूनच दोघांत अंतर पडले. मोंद्रियानने 'डे स्टाइल'चा संबंध सोडला. पुढे मैत्री पुन्हा जुळली, परंतु चित्रातील तिरपी रेषा त्याला मान्य झाली नाही. चौकट कोपऱ्यावर उभी करून चित्र काढणे त्याला चाले; रेषा मात्र आत आडव्या-उभ्याच. अशा माणसाला नाचाचा नाद होता, हे ऐकून आश्चर्य वाटते. फॉक्सट्रॉट आणि चार्ल्स्टन हे नाच तो शिकला होता. हॉलंडमध्ये चार्ल्स्टनवर बंदी आली तर आपण मायदेशी परतणार नाही, असे त्याने एका वार्ताहराला सांगितले होते.

कीर्ती आली ती हळूहळू, आणि प्रथम परक्यांकडून. १९२६ मध्ये कॅथरीन ड्रायर या अमेरिकन बाईंनी त्याचे चित्र ब्रुकलिनच्या प्रदर्शनात मांडले. १९३० मध्ये अलेक्झांडर कॉल्डर हा तरुण शिल्पकार त्याच्या खोलीत आला. भिंतीवरील ते आयत पाहून हे हलते असते तर बरे, असे त्याला वाटले. मोंद्रियानला ही सूचना रुचली नाही. त्याच्या मते त्याची चित्रे मुळातच वेगवान होती. कॉल्डर घरी गेला आणि अमूर्त कलेकडे वळला. त्याची हलती शिल्पे पुढे जगभर टांगली गेली.

बाँबवर्षावातून न्यूयॉर्ककडे

१९३७ मध्ये नाझी राजवटीने म्युनिक येथे 'अधःपतित कला' या नावाने जे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरविले, त्यात मोंद्रियानचीही चित्रे होती. ज्याच्या चित्रात माणूस नाही, ध्वज नाही, घोषणा नाही, त्याची हुकूमशाहीला भीती का वाटावी? कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली सुव्यवस्था ही कल्पनाच तिला सोसणारी नव्हती, हेच त्याचे उत्तर असावे. युद्धाचे सावट ओळखून १९३८ च्या सप्टेंबरात मोंद्रियान लंडनला गेला. हॅम्पस्टेड भागात बेन निकलसन, बार्बरा हेपवर्थ, नाउम गाबो असे कलावंत शेजारी मिळाले. १९४० च्या बाँबवर्षावात त्याच्या घराजवळच बाँब पडला. हॅरी होल्ट्झमन या तरुण अमेरिकन चित्रकाराच्या साहाय्याने तो बोटीत चढला आणि त्या वर्षाच्या ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचला. वय अडुसष्ट, बरोबर लंडन-पॅरिसमध्ये सुरू केलेली चित्रे.

या वयात, या परिस्थितीत, माणूस आपल्या सिद्ध झालेल्या पद्धतीला चिकटून राहिला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पंचवीस वर्षांच्या उपासाने मिळविलेली ती काळी रेषा आता जगात त्याची ओळख झाली होती. मोंद्रियानने नेमकी तीच काढून टाकली. न्यूयॉर्कचे काटकोनी रस्ते, रात्रीचे दिवे आणि होल्ट्झमनने ऐकविलेले बूगी-वूगी संगीत यांनी त्याला झपाटले. रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर लावून त्या सरकवीत त्याने रेषेलाच रंग दिला. १९४२-४३ मधील 'ब्रॉडवे बूगी-वूगी' या चित्रात काळा रंग औषधालाही नाही. पिवळ्या पट्ट्यांवरून लाल, निळे, करडे चौकोन ठेका धरून धावतात. ज्याने कलेतून सर्व जग वजा केले होते, त्याच्या चित्रात अखेर एक सबंध शहर नांदू लागले.

१९४२ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये त्याचे एकट्याचे प्रदर्शन झाले, तेव्हा तो सत्तरीला आला होता. 'ब्रॉडवे बूगी-वूगी' १९४३ मध्येच तेथील आधुनिक कला संग्रहालयाला भेटीदाखल मिळाले. त्याच वर्षीची एक हकीकत सांगितली जाते. तरुणांच्या प्रदर्शनासाठी निवड चालू असता जॅक्सन पोलॉक या अप्रसिद्ध चित्रकाराच्या एका धसमुसळ्या चित्रापाशी मोंद्रियान थबकला आणि त्याचे महत्त्व त्याने पेगी गुगेनहाइम यांच्या ध्यानी आणून दिले. ती कला त्याच्या सर्व नियमांच्या विरुद्ध होती. आपल्या नियमांनी तो स्वतःला बांधून घेई, दुसऱ्याला मोजण्याचा गज म्हणून ते वापरीत नसे.

'व्हिक्टरी बूगी-वूगी' या चित्रावर तो १९४२ पासून काम करीत होता. १९४४ च्या जानेवारीत ते जवळजवळ पुरे झाले होते. परंतु त्याचे समाधान झाले नाही. अखेरच्या दिवसांत त्याने पुन्हा तुकडे चिकटवून ते बदलावयास घेतले. न्यूमोनियाने त्याला गाठले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा अंत झाला. ब्रुकलिनमधील सायप्रस हिल्स दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. ज्या विजयाचे नाव चित्राला दिले होते, तो विजय पाहावयास तो उरला नाही.

किंमत आणि मूल्य

पुढची हकीकत बाजाराची आहे. १९६५ मध्ये ईव्ह सँ लोराँ याने मोंद्रियानच्या चौकटी स्त्रियांच्या पोशाखावर आणल्या. तेथून त्या पिशव्या, पेले, भिंतीच्या फरश्या असे करीत घरोघर पोहोचल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचे १९३० चे एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात पाच कोटी दहा लाख डॉलरांना गेले. त्याच वर्षी दुसरीही एक बातमी आली. ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयातील 'न्यूयॉर्क सिटी १' हे त्याचे चिकटपट्ट्यांचे चित्र कित्येक दशके उलटे टांगले गेले असावे, असा निष्कर्ष तेथील अभ्यासिकेने काढला. पट्ट्या सुटण्याच्या भीतीने ते आता सुलटे करावयाचे नाही, असेही ठरले. अमूर्त कलेची थट्टा करणाऱ्यांना याहून चांगले निमित्त कोणते मिळणार?

या थट्टेत तथ्य नाही असे नाही. इतकी वर्षे हजारो जाणकार त्या चित्रासमोर उभे राहिले आणि कोणाच्या ते ध्यानात आले नाही, याचा दोष चित्रकाराकडे जातो की पाहणाऱ्यांकडे? मला वाटते, किंमत कळल्यावर माणसे पाहण्याचे थांबवितात. कोट्यवधींची पाटी समोर असली म्हणजे शहाणपण पाटीकडे सोपवून डोळे मोकळे होतात. पूर्वी त्याची चित्रे न विकत घेणारा बाजार आणि आज डोळे मिटून विकत घेणारा बाजार, या दोघांतही चित्र पाहणारा थोडाच. माझ्या त्या विद्यार्थ्याने मात्र, हट्टाने का होईना, चार दिवस पाहिले.

म्हणून १९९८ मधील त्या डच नागरिकांच्या प्रश्नाला माझे उत्तर अर्धेच आहे. आठ कोटी गिल्डर ही रक्कम योग्य होती काय, हे अर्थशास्त्र सांगू शकत नाही; लिलावात दोन श्रीमंतांना एकच वस्तू हवीशी वाटली की तिची किंमत ठरते, एवढेच ते सांगते. परंतु त्या चित्रात काय साठले आहे, याचा हिशेब मांडता येतो. त्यात एक सुखवस्तू निसर्गचित्रकार होण्याची संधी आहे, मोडलेला विवाह आहे, गाळलेले एक अक्षर आहे, पोटासाठी काढलेली शेकडो फुले आहेत, आणि एकाहत्तराव्या वर्षी आपले पुरे होत आलेले काम पुन्हा उकलून पाहण्याचे धैर्य आहे.

आपल्याकडेही दरवर्षी अनेक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी अशाच कुठल्या तरी निरुपयोगी दिसणाऱ्या गोष्टीचा हट्ट धरते आणि घरचे वडील विंटर्सवाइकच्या त्या मुख्याध्यापकांप्रमाणेच विचारतात, की पोट कसे भरणार. प्रश्न चुकीचा नाही. मोंद्रियाननेही तो टाळला नाही; त्याने प्रमाणपत्रे मिळविली, शिकवण्या केल्या, फुले विकली. त्या प्रश्नाला उत्तर देत असताना उरलेल्या वेळात त्या मुलाला आपले काम करू द्यावे, आणि त्याचा हिशेब दहावीस वर्षांत मागू नये, एवढेच मागणे आहे. हॉलंडच्या मध्यवर्ती बँकेला हा हिशेब उमगण्यास चौपन्न वर्षे लागली. बँकेने ज्याला निरोप दिला तो गिल्डर २००२ मध्ये व्यवहारातून गेला. ते अपुरे चित्र हेगच्या संग्रहालयात आहे आणि त्यावरच्या चिकटपट्ट्या अद्याप जागच्या जागी आहेत.